मुदतीचा पदवीधर

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला पहिला प्रश्न त्याच्या शिक्षणाविषयी विचारला जावा, अशी आपली साधी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये शिकून तेथेच नोकरी शोधणाऱ्या परदेशी पदवीधराला मात्र पुष्कळदा निराळाच प्रश्न आधी ऐकावा लागतो : तुमचा व्हिसा कधीपर्यंत आहे? उत्तर मिळाले की अनेक ठिकाणी पुढचे प्रश्न उरतच नाहीत. या पदवीधरांमध्ये सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे, आणि त्यांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून कर्ज काढून गेलेली मुलेही आहेत. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही.

शिक्षण संपल्यावर काही काळ राहून काम करण्याची ही सवलत ब्रिटनने एकदा दिली, काढून घेतली आणि पुन्हा दिली. २००८ मध्ये सर्व देशभर लागू झालेली योजना एप्रिल २०१२ मध्ये, थेरेसा मे गृहमंत्री असताना, बंद झाली. १ जुलै २०२१ रोजी ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने ती नव्या स्वरूपात सुरू झाली. मुदत दोन वर्षांची, डॉक्टरेट मिळविणाऱ्यांना तीन वर्षांची. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने ती कमी करण्याचे ठरविले. त्यानंतर झालेल्या नियमबदलानुसार १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळतील; डॉक्टरेटधारकांची तीन वर्षे तेवढी कायम राहतील. ही मुदत वाढवून मिळत नाही.

मालकाच्या दृष्टीने या व्हिसाइतका सोपा व्हिसा दुसरा नाही. अशा पदवीधराला नेमण्यासाठी प्रायोजकाचा परवाना लागत नाही, सरकारला शुल्क द्यावे लागत नाही. उमेदवाराने दिलेल्या संकेतांकावरून त्याचा काम करण्याचा हक्क संगणकावर पडताळून पाहिला की काम संपले. व्हिसाचे शुल्क आणि वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार उमेदवारच भरतो. असे असूनही मालक कचरतो, याचे कारण आजच्या नेमणुकीत नसून उद्याच्या तरतुदीत आहे. मुदत संपल्यावर त्याच माणसाला ठेवायचे तर परवाना, अधिभार आणि किमान वेतनाची अट पाळणे आले. कुशल कामगारांसाठी ही सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड करण्यात आली. नवोदितांना सवलतीची मर्यादा ३३,४०० पौंडांची आहे. लंडनबाहेरच्या लहान गावातील लहान कंपनीला नवख्या माणसासाठी हीही रक्कम जड जाते. शिकवून तयार केलेला माणूस जाणारच असेल तर घ्यावा कशाला, असा हिशेब ती करते. त्यात द्वेष असतोच असे नाही.

पण हा हिशेब अपुरा आहे. स्थानिक पदवीधर तरी दोन वर्षे एका जागी टिकेल याची हमी कोण देतो? नोकरीच्या आरंभीची वर्षे ही जागा बदलण्याचीच असतात. उलट परदेशी पदवीधर किती दिवस राहणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. मालकाने त्या मुदतीला बसेल असे काम त्याला द्यावे आणि वर्षअखेर, हाती वेळ असतानाच, त्याला पुढे प्रायोजित करायचे की नाही ते स्पष्ट सांगावे; एवढ्यानेही पुष्कळ अन्याय टळेल. काम करण्याचा हक्क मुदतीचा आहे एवढ्यावरून उमेदवाराला कमी लेखू नये, असे ब्रिटिश गृहखात्याची मालकांसाठीची आचारसंहिताही सांगते.

सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. पुष्कळसे पदवीधर पदवीला साजेशी नोकरी न करता हलक्या कामांत राहतात, अशी त्याची तक्रार आहे. आपल्या नागरिकांना रोजगार मिळावा, ही कोणत्याही सरकारची रास्त चिंता होय. परंतु त्याच सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने मे २०२४ मध्ये ही योजना चालू ठेवण्याची शिफारस केली होती. व्यापक गैरवापराचा पुरावा तिला आढळला नव्हता. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून ब्रिटिश विद्यापीठांची संशोधनातील आणि देशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणातील तूट भरून निघते, हेही तिने नोंदविले होते. मुदत आखूड म्हणून मालक चांगली नोकरी देत नाही. चांगली नोकरी नाही म्हणून सरकार मुदत आणखी आखूड करते. या चक्रात मूळ दुखणे वाढेल, कमी होणार नाही. शिवाय २०२४ मध्ये तीन वर्षांच्या पदवीसाठी गेलेला विद्यार्थी दोन वर्षांच्या भरवशावर गेला होता. २०२७ मध्ये पदवी हाती पडेल तेव्हा त्याला अठराच महिने मिळतील. शुल्क घेऊन झाल्यावर अटी बदलणे याला न्याय म्हणता येणार नाही.

परदेशी शिक्षण आणि नोकरीची मुदत यांची सांगड आपल्याला नवी नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. पैसा देणारा आणि नोकरी देणारा तेथे एकच होता. तरीही १९१७ मध्ये अस्पृश्यतेच्या जाचापायी त्यांना बडोदे सोडावे लागले. कागदावरचा करार माणसाला कामाच्या जागी मान मिळवून देत नाही, हे तेव्हाच दिसले. आज तर कर्ज बँक देते, पदवी विद्यापीठ देते, परवानगी सरकार देते आणि नोकरी देणारा चौथाच असतो. चौघांपैकी कोणीही दुसऱ्याला बांधलेला नाही. बांधलेला असतो तो फक्त विद्यार्थी, आणि त्याच्या मागे कर्जाला जामीन राहिलेला बाप.

म्हणून येथील पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा व्हिसा म्हणजे नोकरी नव्हे. नोकरी शोधण्याची ती मुदत आहे. कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. ते पौंडांतील पगारातून फिटतील असे गृहीत धरून घर गहाण टाकू नये. मुलगा परत आला तर येथील पगारात ते झेपतील काय, हा हिशेब आधी मांडावा. आणि तो परत आलाच, तर त्याला हरून आलेला समजू नये. मुदत संपली ती परवान्याची. त्याने मिळविलेल्या विद्येला तशी मुदत नसते. ब्रिटनमधील मालकाने हे ओळखावे असे आपण म्हणतो, ते पुण्या-मुंबईच्या मालकांनी आणि आपण घरच्यांनीही ओळखले पाहिजे.