सालाखालची खूण

खटाव तालुक्याचे ठिकाण असलेल्या वडूजच्या परिसरातील आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीकडील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त भारतभर पसरलेली असल्याने जुनी चांदीची नाणी या भागातील लोकांना अपरिचित नाहीत. मात्र मुशीत पडलेल्या नाण्याचा कस तेवढा हाती लागतो, त्याची ओळख कायमची जाते.

ही ओळख सांगणारे टांकसाळीचे चिन्ह बहुधा सालाच्या आकड्याखाली असते. मुंबईचा हिरा, म्हणजे छोटा चौकट आकार, आणि नॉयडाचे टिंब परिचित आहे. कोलकात्याच्या नाण्यांवर बहुधा चिन्हच नसते, तर हैदराबादने आधी उभा चिरलेला हिरा, मग पोटात टिंब असलेला हिरा आणि पुढे तारा वापरला. झिजलेला हिरा टिंबासारखा दिसतो खरा, परंतु नॉयडाची टांकसाळ १९८८ साली सुरू झाली असल्याने त्याआधीच्या नाण्यावरील टिंब तिचे असूच शकत नाही.

प्रूफ नाणी व्यवहारासाठी नसून संग्राहकांसाठी पाडली जातात. त्यांचे ठसे आणि कोऱ्या चकत्या दोन्ही घासूनपुसून चकचकीत केलेल्या असतात व छाप एकाहून अधिक वेळा दिला जातो, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी, तर उठावाचे चित्र बहुधा दुधी दिसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर ‘बी’ हे रोमन अक्षर असे. शहराचे नाव बदलल्यावर तेथे ‘एम’ आले. तथापि केवळ अक्षरावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मेक्सिकोत पाडून आणलेल्या, १९९७ साल असलेल्या चलनी रुपयांवरही ‘एम’ आहे. त्याच्या डोक्यावरचे बारीक वर्तुळ भिंगाशिवाय सहसा ध्यानात येत नाही. म्हणून आधी पृष्ठभाग पाहावा आणि मगच अक्षर वाचावे. पॉलिश करून चमकवलेल्या साध्या नाण्यावर बारीक ओरखडे दिसतात आणि उठावाच्या कडा बोथट झालेल्या असतात.

गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेले दहा रुपयांचे नाणे या दृष्टीने उद्बोधक आहे. १५ ग्रॅम वजनाच्या आणि ८० टक्के चांदीच्या या नाण्यातून वितळवल्यावर फार तर १२ ग्रॅम शुद्ध चांदी मिळते, मग ते चलनी असो वा ‘बी’ अक्षराचे प्रूफ. संग्राहकाच्या लेखी मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. तेव्हा घरातील असे नाणे मोडीत काढण्यापूर्वी ते चिंच, राख किंवा पॉलिशने मुळीच न घासता, कडेने धरून, भिंगाखाली एकदा अवश्य पाहावे.