पिंप, बास्केट आणि कोरडी विहीर

पेट्रोलचे भाव भडकले की परभणीचं नाव राज्यभरच्या बातम्यांत येतं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्याही आधी इथल्या पंपांनी नव्वदी ओलांडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॉवर पेट्रोल शंभरावर गेलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात साधंही. एरवी बातम्यांत फारसा न येणारा आपला जिल्हा या एका बाबतीत मात्र पहिल्या नंबरावर! तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर जी कारणं सांगितली गेली ती अजूनही तशीच ऐकू येतात, आणि त्यातली बरीचशी तेलाच्या धंद्यातले शब्द अर्धवट कळल्याने तयार झालेली आहेत.

सगळ्यात पक्का समज असा, की मराठवाड्यावर कर जास्त. प्रत्यक्षात उलटं होतं. राज्याचा पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत २६ टक्के होता, परभणीत २५ टक्के. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबईकडचा दर एक टक्क्याने उतरवून आपल्या बरोबरीला आणला गेला. पंपमालक भाव वाढवतो, हेही खरं नाही. भाव तेल कंपनी ठरवते. जून २०१७ पासून तो रोज बदलू शकतो आणि मालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं.

मग महाग का? उत्तर कंटाळवाणं आहे: भाडं. परभणीचं इंधन मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतं. तिथून परभणी तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि हे अंतर टँकरने रस्त्यावरून कापायचं. मुंबईच्या माहुल भागातल्या रिफायनरीपासून मनमाडपर्यंत मात्र तेल जमिनीखालच्या पाइपलाइनने येतं, ते कितीतरी स्वस्त पडतं. पाइपलाइन जिथे सोडावी लागते तिथून पुढचा प्रत्येक किलोमीटर दरात चढतो. परभणी त्या वाटेवर फार लांब आहे, एवढाच तिचा गुन्हा.

त्या पाइपलाइनबद्दलही एक मजेदार गैरसमज आहे. पेट्रोलची नळी वेगळी, डिझेलची वेगळी असणार, असं कुणालाही वाटेल. पण एकाच नळीतून आधी डिझेल, मग पेट्रोल, मग आणखी काही असं एकामागून एक सोडतात, आणि मध्ये बहुतेक वेळा पडदाही नसतो. दोन मालांची गाठ पडते तिथे थोडी भेसळ होते. त्या पट्ट्याला इंटरफेस म्हणतात. तो येताना घनतेवरून ओळखतात, वेगळ्या टाकीत घेतात आणि नंतर त्याची विल्हेवाट लावतात. बाकीचा माल शुद्धच राहतो.

हीच घनता, म्हणजे डेन्सिटी, पंपावरही लिहिलेली असते. अनेकांना वाटतं, आकडा मोठा तर पेट्रोल चांगलं. तसं काही नाही. डेपोतून टँकर निघताना १५ अंश तापमानाला धरून घनता नोंदतात. पंपावर मोजलेली घनता त्या नोंदीपेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून जास्त वेगळी निघाली, तर शंका घ्यायची. आकडा एकटा काही सांगत नाही, दोन आकड्यांतला फरक सांगतो. सकाळी लवकर भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हा समजही इथलाच. परभणीचा मे महिना कितीही तापला तरी पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिच्यातलं तापमान सकाळ-दुपारी फारसं हलत नाही. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं.

पॉवर पेट्रोलचं नाव मात्र फसवं आहे. ऑक्टेन आकडा ताकद मोजत नाही. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, इंजिनात ठोके बसू नयेत, यासाठीचा तो टिकाव आहे. साध्या पेट्रोलचा आकडा ९१ असायचा, महागड्याचा ९५. ९१ वर चालायला बनवलेल्या स्प्लेंडरमध्ये ९५ टाकून तिची ताकद वाढत नाही, फक्त खिसा हलका होतो.

आता मोठ्या बातमीकडे वळू. ‘क्रूड ऐंशी डॉलर’ म्हणजे ऐंशी डॉलरला कच्च्या तेलाचं एक बॅरल. हे बॅरल म्हणजे आपल्याकडे धान्याला, पाण्याला वापरतात तो पत्र्याचा ड्रम, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो ड्रम साधारण दोनशे लिटरचा. तेलाचं बॅरल ४२ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर. ते लाकडी पिंपांच्या जमान्यातलं माप आहे. आज तेल टँकर जहाजांतून जातं आणि बॅरल फक्त हिशेबात उरलंय. समजा, क्रूड ऐंशी डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर क्रूडचा लिटर ४३ रुपयांच्या जवळ बसतो. पण ते क्रूड आहे, पेट्रोल नव्हे. त्या १५९ लिटरमधून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, गॅस, डांबर असं सगळं निघतं. शिवाय कंपन्या परदेशातल्या तयार पेट्रोलच्या भावावरही नजर ठेवतात. क्रूड उतरलं की दुसऱ्या दिवशी पंपावर उतरायला हवं, ही अपेक्षा म्हणून चुकते. क्रूड उतरूनही भाव मुद्दाम अडवून ठेवलेले असतात, तेव्हा रागावण्याचा हक्क राहतोच.

टीव्हीवर दिसतो तो ब्रेंट नावाच्या क्रूडचा भाव. तोही भारताचा भाव नव्हे. आपल्याकडे ‘इंडियन बास्केट’ धरतात: ओमान-दुबईकडचं आणि ब्रेंट यांचं ठरलेल्या प्रमाणातलं मिश्रण, त्यात जास्त वाटा पहिल्याचा. ओमान-दुबईचं तेल ‘आंबट’, ब्रेंट ‘गोड’. आंबट म्हणजे गंधक जास्त, साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर. पूर्वी लोक खरंच चव घेऊन, वास घेऊन पारख करत. आज रिफायनरीला ते गंधक काढावं लागतं, कारण भारत स्टेज ६ प्रमाणे एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहाच भाग चालतं.

आणि शेवटी आपल्या पायाखालची जमीन. ‘इथे खोल खणलं तर तेल लागेल’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. त्याच्या डोळ्यासमोर जमिनीखालचं तेलाचं तळं असतं. असं तळं कुठेच नाही. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मुंबई हायमध्ये, जिथे सागर सम्राट रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं, ते चुनखडीत आहे. मुख्य म्हणजे तेल व्हायला गाळाचा खडक लागतो, त्यात जुने जीवजंतू दबून शिजावे लागतात. आपला काळा पाषाण लाव्हाचा. त्याच्या खाली काय? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर पाषाण लागला, मग जेमतेम काही मीटर गाळाचा थर, आणि लगेच अतिप्राचीन खडक. परभणीखाली नेमकं तसंच असेल असं नाही, पण आशा ठेवायला आधार कमीच. तेल शोधणारे ‘दख्खन सिनेक्लाइज’ या नावाने या पाषाणाखालचा गाळ नकाशात धरतात, पण अजून तिथून तेलाचं उत्पादन नाही.

बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला तेलवाल्यांचे निम्मे शब्द ओळखीचे आहेत: रिग, बिट, केसिंग. एका शब्दावर मात्र दोघांची भांडणं होतील. जिंतूरकडे पाचशे फूट गेल्यावर धूळच उडाली तर बोअर कोरडा. तेलवाल्यांच्या विहिरीत मात्र पाण्याचा लोंढा आला तरी ती ‘कोरडी विहीर’च लिहिली जाते, कारण विकण्याजोगं तेल-वायू नाही. तसंच ‘साठा’. जमिनीत आहे तेवढं सगळं तेल म्हणजे साठा नव्हे. आजच्या तंत्राने, आजच्या भावात परवडेल एवढं जे काढता येईल, तेवढाच साठा. भाव पडला की एक थेंब न काढताही साठा कमी होतो.

विहिरीच्या पाण्यावर सप्तरंगी साय दिसली तर तेल सापडलं म्हणून धावू नका. बहुतेक वेळा ती लोहाचे जीवाणू बनवतात, किंवा इंजिनाचं डिझेल सांडलेलं असतं. काडीने ढवळून पाहा: जीवाणूंची साय काचेसारखी तुकडे होऊन फुटते, डिझेलची पुन्हा एकत्र येते. दुसरा प्रकार दिसला तर आधी इंजिनाखालची गळती शोधा.