काहीच न करणारे यंत्र

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतले होते आणि विजेशी माझा संबंध बल्ब बदलण्यापुरताच आला. तरीही आज ध्वनीच्या एका यंत्राविषयी बोलायला बसलो आहे. त्याला कारण माझी खाला, म्हणजे आईची बहीण.

खाला रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठाला राहते. वय ऐंशीच्या पुढे. ती बोलते ती आम्हा कोकणी मुसलमानांची बोली. ही बोली माझ्या पिढीने अर्धी सोडली आणि मुलांनी पुरती. माझे एक मित्र भाषाविज्ञान शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत डिजिटल मिक्सर नव्याने बसवायचा होता. ते म्हणाले, ‘‘खालांना घेऊन या. यंत्राची चाचणीही होईल आणि त्यांचे बोलणेही टिपले जाईल.’’

बोलणारी बाई एक, मग मिक्सर कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता. कविसंमेलनात मिक्सर असतो तो दहा कवी आणि एक तबला एकत्र कालवायला. प्रयोगशाळेत काम नेमके उलटे असते. तिथे एक माइक बोलणाऱ्याच्या गालाजवळ, दुसरा टेबलावर, तिसरा प्रश्न विचारणाऱ्यासमोर. शिवाय गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन चकत्या लावतात. त्यांतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह जातो आणि घशातले स्वरतंतू केव्हा मिटले, केव्हा उघडले ते कळते. हे सगळे एकाच क्षणी, पण वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदवायचे असते. म्हणजे मिक्सर आणायचा आणि त्याला मिसळू द्यायचे नाही!

मित्रांना हवे होते ते आमच्या तोंडातले ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’. म्हैस, उन्हाळा, कोल्हा हे शब्द जरा मोठ्याने म्हणून पाहा. नाकातून किंवा जिभेवरून आवाज निघतो आणि त्याच वेळी श्वासही सुटतो. स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. कोकणातल्या कित्येक बोलींत हा श्वास विरळ होत गेला आहे. खालाच्या ‘म्हैस’मध्ये तो उरला आहे की गेला, हा त्यांचा प्रश्न. कानाला तो फरक पुसट वाटतो, पण मोजता येतो. आवाजाचे मूळ कंपन आणि त्याच्या दुपटीचे कंपन यांच्या जोराची तुलना करतात. श्वास मिसळलेला असेल तर मूळ कंपन दुसऱ्याच्या मानाने वरचढ ठरते.

आता यंत्राकडे वळू. १९९०च्या दशकात आकाशवाणीवर कविता वाचायला जात असे, तेव्हा काचेपलीकडचे साहेब बोट वर करत आणि समोरची दांडी हळूच सरकवत. त्या जुन्या मिक्सरवर प्रत्येक माइकचा स्वतंत्र खांब असे, त्यावर बटणांची उतरंड. काय चालू आणि काय बंद ते एका नजरेत दिसे. डिजिटल मिक्सरमध्ये तसे नाही. बटणे थोडीच असतात. ज्या माइकचे नाव निवडाल त्याच्यासाठी ती काम करतात, बाकीच्यांच्या जोडण्या पडद्याआड. यंत्राला स्मरणशक्तीही असते. सगळी मांडणी ‘सीन’ म्हणून जपून ठेवता येते आणि पुन्हा बोलावली की दांड्या आपोआप सरकून आपापल्या जागी जाऊन बसतात. ते पाहून खालाने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि विचारले, ‘‘हात कोणाचा लागला याला?’’

मांडणी करणारी संशोधक मुलगी पंचविशीची असेल. तिने मला प्रत्येक पायरी समजावली. आधी तारा. माइकच्या तारेत आवाज दोन वाहकांवरून उलटसुलट जातो. वाटेत विजेची गुणगुण शिरली तर ती दोन्हींवर सारखीच शिरते. मिक्सरमध्ये एक बाजू उलटी करून जोडली की आवाज दुप्पट होतो आणि गुणगुण आपसांत कटते. मला हे फार आवडले. मग त्याच तारेतून ४८ व्होल्टचा दाब, कारण कंडेन्सर माइकला तो लागतो. पण गळ्याच्या चकत्यांचे यंत्र जिथे जोडले त्या मार्गावर तो बंद.

त्यानंतर ‘गेन’. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि तो जायलाच हवा. माइकमधून येतो तो आवाज फार बारीक असतो, तो किती वाढवून आत घ्यायचा हे इथे ठरते. पुढची दांडी कितीही खाली ओढली तरी इथे झालेली चूक सुधारत नाही. डिजिटल यंत्रात आवाजाला छत असते, त्याला शून्य डेसिबल म्हणतात. मोजणी त्याच्या खाली, उणे आकड्यांत. आवाज छताला लागला की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला माथा नंतर कुणालाही परत बसवता येत नाही. हळू नोंदलेला आवाज मात्र वाढवता येतो. पूर्वी १६ बिटची नोंद असे, म्हणजे आवाजाची उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्या. तळातली खरखर टाळायला लोक आवाज छताजवळ नेत. २४ बिटमध्ये पायऱ्या १ कोटी ६७ लाखांच्या वर जातात. म्हणून सर्वांत मोठा शब्दही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे लावले तरी काही बिघडत नाही.

मुलगी म्हणाली, ‘‘आजी, एक ते दहा म्हणा.’’ खालाने शाळेतल्या पोरीसारखे आकडे म्हटले. मी म्हणालो, ‘‘असे नको. तिला कोंबड्या हाकायला सांग.’’ खालाने हाक दिली आणि पडद्यावरची रेघ लाल झाली. गेन बराच खाली आणावा लागला. माणूस चाचणीला बोलतो तसा गोष्ट सांगताना बोलत नाही, हे कवीला माहीत असते.

मग नमुन्यांचा वेग ठरवला, सेकंदाला ४८,००० नमुने. ज्या कंपनापर्यंतचा आवाज हवा त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात, आणि माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. घड्याळ मात्र एकच हवे. मिक्सर ज्या ठेक्यावर नमुने मोजतो त्याच ठेक्यावर संगणकाने चालायचे. दोघे आपापल्या ठेक्याने गेले की मध्येच बारीक टकटक येते. तबलजी आणि पेटीवाल्याचे बिनसते तसेच.

पहिल्या दिवशी खालाने चाळीस मिनिटे गोष्ट सांगितली. लहानपणी आजीबरोबर होडीने पलीकडे लग्नाला निघाली आणि मध्येच पाणी उतरले. चिखलात रुतलेल्या होडीत वऱ्हाड रात्रभर बसून. आम्ही हसून बेजार झालो. संध्याकाळी मुलीने नोंद ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. शब्दांची टोके गायब होती.

झाले होते असे. आधीच्या आठवड्यात तोच मिक्सर कुणीतरी गॅदरिंगला नेला होता. तिथली मांडणी यंत्राच्या स्मरणात राहिली. खालाच्या माइकवर ‘गेट’ चालू होते. गेट म्हणजे फाटकच. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की ते मिटते. रंगमंचावर उपयोगी, कारण कुणी गात नसताना पंख्याची घरघर आत येत नाही. पण म्हातारी बाई बोलते तेव्हा वाक्य शेवटाकडे विझत जाते. तो विझणारा भाग गेटने गोंगाट समजून टाकला. मिटलेले फाटक उघडायलाही क्षणभर लागतो, तेवढ्यात ‘म्ह’च्या सुरुवातीचा हलका आवाजही बाहेरच राहिला. म्हणजे जे शोधायला आलो होतो तेच यंत्राने दारात अडवले होते.

गळ्याच्या चकत्यांची पट्टी शाबूत होती, पण तिच्यात शब्द नसतात. टेबलावरच्या माइकनेही तेच फाटक लावून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी प्रत्येक मार्ग एकेक करून उघडून बसली. गेट बंद. कॉम्प्रेसर बंद, कारण तो मोठा आवाज दाबतो आणि बोलण्यातला चढउतार सपाट करतो. स्वररंग बदलणारा इक्वलायझर बंद. ‘लो कट’ नावाची चाळणी बंद. ही साधारण ८० ते १०० कंपनांच्या खालची गडगड काढते. बाईचे मूळ कंपन दोनशेच्या आसपास असते, तिला फारसा धक्का नाही. पण माझ्यासारख्या पुरुषाचे ते शंभर-सव्वाशेवर असते, म्हणजे चाळणीच्या कडेलाच. मूळ कंपनच अशक्त झाले तर श्वासाचे माप कसले? शेवटी प्रत्येक माइकची नोंद या सगळ्याच्या आणि दांडीच्याही आधीच घेतली जाईल अशी वाट तिने संगणकाकडे काढून दिली. फाइल एमपी३ नव्हे, वेव्ह. कारण एमपी३ कानाला न जाणवणारे टाकून देते, आणि संशोधकाला तेही लागू शकते. मांडणी जपून तिला कुलूप घातले. लाखभर रुपयांच्या यंत्राला काहीच न करायला शिकवण्यात तिची अख्खी सकाळ गेली.

शंभर वर्षांपूर्वी ग्रियर्सनसाहेबांच्या भाषासर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्या काढल्या गेल्या. त्यांतल्या जुन्या तबकड्यांच्या वेळी माणूस कर्ण्यात तोंड घालून ओरडे. ‘स’ आणि ‘श’ची सळसळ कर्ण्याला पेलत नसे. तेव्हा यंत्र दुबळे होते म्हणून आवाज हरवला. आमचा हरवला तो यंत्र फार हुशार होते म्हणून.

दुपारी खालाने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. कुरकुर केली नाही. नोंद उत्तम आली, म्हैसही आली, उन्हाळाही आला. पण पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, ‘सुकती लागली’. खाडीचे पाणी उतरते त्याला आमच्याकडे सुकती म्हणतात. आज ती म्हणाली, ‘ओहोटी लागली’. काल चार शिकलेली माणसे समोर पाहिली, रात्रीत तिने भाषा इस्त्री केली. मुलीने वहीत ‘सुकती’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. तो शब्द सांगून वदवून घेता येत नाही, त्याला अर्थ राहत नाही.

मागच्या महिन्यात खालाला फोन केला. तिच्याकडे अजून तारेचाच फोन आहे, ज्यातून ३०० ते ३,४०० कंपनांपलीकडचे काही जात नाही. म्हटले, ‘‘पुन्हा येशील का गं प्रयोगशाळेत?’’ ती म्हणाली, ‘‘बघू मग. आता ठेव, पलीकडे जायचंय. सुकती लागायच्या आत होडी धरायची आहे.’’