पावसाळी कोल्हापूर : सफर आणि दस्तरखान

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला जायचे म्हटले की घरातली मोठी माणसे म्हणतात, "एवढ्या पावसात कशाला?" पण या शहराची चव खरी कळते ती पावसातच. रंकाळ्यावर झड लागलेली, अंगात गारठा आणि समोर वाफाळती वाटी. असा योग उन्हाळ्यात येत नाही.

कोल्हापुरी म्हणजे नुसते तिखट, हा समज इथल्या ताटावर बसले की गळून पडतो. तांबड्या रश्शाशेजारी पांढरा रस्सा असतोच. मटण शिजवताना निघालेल्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस किंवा काजूचे वाटण आणि वेलची, लवंग, दालचिनी, मिरे यांची फोडणी, की झाला पांढरा रस्सा. तो भातावर घ्यायच्या आधी वाटीने प्यायचा. ज्यांना तिखट सोसत नाही, त्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना हाच द्यावा. तांबड्याचा जोर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणावर आणि कांदा-लसूण चटणीवर असतो.

आपल्या कुटुंबांपुढे खरा प्रश्न असतो हलालचा. फलक पाहून अंदाज बांधू नये. "मटण कुठून येते, जबिहा आहे का?" असे आदबीने विचारावे. विचारण्यात संकोच नको आणि उत्तर मिळाले नाही तर वादही नको. अशा वेळी उपाशी राहायची पाळी येत नाही, कारण या गावाचे निम्मे वैभव बिनमांसाचे आहे. मोड आलेल्या मटकीची झणझणीत मिसळ इथे स्लाइस ब्रेडबरोबर खातात. ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा आणि दही असले की पोटभर जेवण होते. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. पावसाळ्यात लहान मुलांना मात्र ते उकळूनच द्यावे.

शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले ते अशाच मुसळधार रात्री. तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहावा, साधोबा दर्ग्याच्या परिसरात थोडे थांबावे आणि झोपडीवजा हॉटेलात चुलीवरची भाकरी खावी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. घाटात धुके दाटते, म्हणून दिवस मावळण्याआधी खाली उतरावे.

शहरात परतल्यावर दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंगची इमारत मुलांना जरूर दाखवा. मुस्लिम मुलांनी शिकावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये या कामाला हात घातला. एका राजाने आपल्या समाजाच्या लेकरांच्या शिक्षणाची चिंता वाहिली, ही गोष्ट मुलांनी जागेवर ऐकली तर मनात राहते. या गावात आपण नुसते पाहुणे नाही, हेही त्यांना उमगते.

निघण्यापूर्वी पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करावी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पाणी चढत असेल तर बेत पुढे ढकलावा. जिवापेक्षा सहल मोठी नाही.

ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी घरीच हलाल मटणाचा पांढरा रस्सा करावा. नारळाचे दूध शेवटी घालून आच मंद ठेवावी, मोठ्या उकळीने ते फाटते. आणि बाहेर असो वा घरी, ताटात हवे तेवढेच वाढून घ्यावे. खा, प्या, पण उधळपट्टी नको, ही कुरआनची शिकवण आहे. इतक्या मेहनतीने रांधलेला रिज्क उष्टा टाकण्यासाठी नसतो.