तारखांचा हंगाम

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम ठरली ७०० कोटी रुपये, आणि त्या बदल्यात देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क कंपनीकडे गेले. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सही झाली त्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही २०२५ चा जुलै उजाडला, हंगाम तोंडावर आला, आणि पुढे काय हे कुणालाच सांगता येईना. ११ जुलैला याच हक्कांवर चालणारी इंडियन सुपर लीग स्थगित झाल्याचं जाहीर झालं. नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यासारख्या वस्तीत राहणारा मुंबई सिटी संघाचा चाहता त्या पावसाळ्यात सामन्यांच्या वेळापत्रकाऐवजी महासंघाच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तारखा बघत होता. विरार लोकलने अंधेरी गाठायची, सामना बघायचा आणि रात्रीच्या गाडीने परतायचं, एवढाच त्याचा या खेळाशी व्यवहार. पण करार झाला तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, याचिकेत तो पक्षकार नव्हता, आणि निकालाची किंमत मात्र त्याच्याच खात्यावर पडली. गेल्या पंधरा वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर वाटतं, या भांडणांत कोण जिंकलं हा दुय्यम प्रश्न आहे. भारतीय फुटबॉलच्या रचनेत प्रेक्षकाला जागाच ठेवलेली नाही, आणि म्हणून कायद्याने बरोबर असलेला निकालही त्याच्यासाठी नुकसानीचाच ठरतो.

आधी महाराष्ट्राचा हिशेब मांडू, कारण कोर्टाची पायरी चढण्याआधीच इथे बरंच काही संपलं होतं. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०११ मध्ये बंद झाला. २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१५ पर्यंतच टिकला. त्याच शहरातला भारत एफसी तर आय-लीगचा एकच हंगाम खेळला. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर राष्ट्रीय पातळीवर दिसेनासे झाले. २०१४ मध्ये सुपर लीगसोबत आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. शेजारच्या गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीग सोडली, मागोमाग धेंपोही बाहेर पडला. या यादीतल्या बहुतेक नावांमागे कोर्टातलं भांडण नाही. मालकाने ठरवलं, पत्रक निघालं, संघ संपला. पुण्याच्या चाहत्याला हैदराबादला पाठिंबा द्यायला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी तो दिला गेला नसता. दाद मागायला दारच नव्हतं म्हणून खटला झाला नाही, सगळं आलबेल होतं म्हणून नव्हे. पुढच्या काळातल्या कज्ज्यांना नावं ठेवताना ही यादी विसरून चालणार नाही.

कोर्टाचा अध्याय ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस ठळक झाला. अ‍ॅड. राहुल मेहरा यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाची निवडणूक रद्द केली. अध्यक्ष होते प्रफुल्ल पटेल. महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला, निकालाला स्थगिती मिळाली, आणि नवी घटना लिहिण्याचं काम माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे आलं. त्यानंतर प्रकरण रेंगाळलं. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली तरी प्रलंबित खटल्याकडे बोट दाखवून निवडणूक टळत गेली. १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने कारभार न्या. अनिल दवे यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय समितीकडे सोपवला. बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला असं म्हणत फिफाने ऑगस्टच्या मध्यावर महासंघाला निलंबित केलं. न्यायालयाने २२ तारखेला समिती विसर्जित केली, २६ ला निलंबन उठलं, आणि २ सप्टेंबरला कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाचा ३३ विरुद्ध १ मतांनी पराभव केला. निलंबनाचे दिवस थोडे होते, तरी त्यांची झळ कुणाला लागली हे बघण्यासारखं आहे. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुली एकही सामना न खेळता परतल्या. महासंघाच्या घटनेवरून चाललेल्या वादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

चाहत्यांमध्ये तेव्हा दोन तट पडले आणि ते आजही कायम आहेत. एकाचं म्हणणं, कोर्टाने खेळात नाक खुपसलं म्हणून ही वेळ आली. न्यायाधीशांना ऑफसाइड कुठे कळतो? दुसऱ्याचं म्हणणं, कोर्ट नसतं तर तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून राहिली असती. पहिला आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. दिरंगाईचा दोष न्यायव्यवस्थेकडेही जातोच. घटनेचं काम २०१७ मध्ये सुरू झालं आणि न्या. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या मसुद्याला बदलांसह मंजुरी मिळाली १९ सप्टेंबर २०२५ रोजी. आठ वर्षांत एका फुटबॉलपटूची उमेदीची कारकीर्द उरकते. पण आक्षेप इथवरच खरा आहे. खटला निवडणुकीच्या नियमांवरून उभा राहिला होता, आणि मुदत उलटूनही निवडणूक न घेणं हा महासंघाचा निर्णय होता. कराराची अखेर पंधरा वर्षं आधी ठाऊक असताना नव्या व्यवस्थेची तयारी हंगामाच्या तोंडापर्यंत रखडवणं, हेही कोर्टाचं काम नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने नव्या कराराची बोलणी तूर्त थांबवायला सांगितली, तेव्हा हातात जेमतेम आठ महिने उरले होते. ती वेळ कोर्टाने आणली नव्हती, तिथवर सगळे आपल्या पायांनी चालत आले होते.

त्यानंतरचे महिने या साऱ्या काळाचा कळस म्हणावेत असे होते. ऑगस्टमध्ये अकरा क्लबांनी महासंघाला लिहून कळवलं, की मार्ग निघाला नाही तर टाळं लावावं लागेल. न्यायालयाच्या देखरेखीखाली लीगच्या हक्कांची निविदा निघाली, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. ज्या खेळाच्या कारभारावरून आठ वर्षं भांडण चाललं, त्याच्या लीगला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के वाटा घेतला, त्यानंतर २०२०-२१ मध्ये शील्ड आणि चषक, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून दुसऱ्यांदा चषक, अशी मुंबईची कमाई होती. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्या खेळाडूंनी चित्रफितीतून थेट फिफाला साद घातली. ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, की चौदा संघांची लीग १४ फेब्रुवारीला सुरू होईल. पण सामने ९१च, म्हणजे प्रत्येक जोडीचा एकदाच. या सबंध काळात महासंघाची बाजू मांडायला वकील होते, कंपनीला होते, क्लबांनाही होते. खेळाडूंकडे निदान नाव आणि कॅमेरा तरी होता. मैदानात तिकीट काढून येणाऱ्याचं म्हणणं नोंदवून घेण्याची सोय कुठल्याच टेबलावर नव्हती.

निकाल योग्य असला म्हणजे चाहत्याचं भलं होतंच असं नाही, याचा स्वच्छ पुरावा गोव्यात मिळाला. २०२४-२५ ची आय-लीग संपली तेव्हा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर होता आणि इंटर काशी ३९ वर. ‘नामधारी’ नावाच्या संघाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद मात्र महासंघाच्याच दोन समित्यांमध्ये हेलकावे खात होता. शिस्तपालन समितीने गुण काशीला दिले, अपील समितीने ते काढले. एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता घोषित केलं गेलं. काशी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला, आणि १८ जुलैला लवादाने विजेतेपद काशीला देण्याचा आदेश दिला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय समजण्याजोगा आहे. पण फळ काय मिळालं? चर्चिलच्या पाठीराख्यांनी मिळालेलं विजेतेपद गमावलं आणि काशीच्या पाठीराख्यांना ते मैदान रिकामं झाल्यावर, भर पावसाळ्यात, कागदावर मिळालं. जल्लोषाची वेळ टळून गेली होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या आणि दोघांचाही राग एकमेकांवर निघाला. वेळेत आणि एका सुरात निर्णय न घेणाऱ्या समित्या मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटल्या. आपल्या संघाच्या वकिलासाठी टाळ्या वाजवणारा चाहता मूळ दोष कुणाचा हे विसरतो, ही या काळाची आणखी एक शिकवण.

यावर एक हिशेबी आक्षेप येतो. चाहता म्हणजे ग्राहक. माल पटला नाही तर त्याने घेऊ नये, भांडण कसलं? शिवाय महाराष्ट्र क्रिकेटचा मुलूख, फुटबॉलला इथे माणसंच किती? पहिल्या भागाचं उत्तर पुण्याने दिलं आहे. साबण बदलता येतो तसा संघ बदलता येत नाही. संघ गेला की बहुतेकांचा खेळच सुटतो, आणि मग तोच तुटवडा पुढे कारण म्हणून दाखवला जातो. दुसऱ्या भागाचं उत्तर अंधेरीत मिळालं. १ जून २०१८ रोजी भारत-चिनी तैपेई सामन्याला २,५६९ माणसं आली. छेत्रीने हॅटट्रिक केली, भारत ५-० जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी कर्णधाराने हात जोडून लोकांना मैदानात येण्याची विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. माणसं कमी नव्हती, त्यांना कुणी हाक मारली नव्हती. हीच मुंबई १८९० च्या दशकापासून शतकभर रोव्हर्स चषक भरवत आली होती. स्टँड रिकामे दिसले की चाहत्याची आठवण येते आणि करार करताना तो नसतो, ही विसंगती ‘ग्राहक’ म्हटल्याने सुटत नाही. संकटात हात जोडून बोलावता येतो, तो नुसता ग्राहक नव्हे.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ आणि त्यांच्या प्रादेशिक संघटना यांच्यात असंच जुंपलं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या संघटनेवर दावा ठोकला, तेव्हा बाहेर पडण्याचा दंड जाचक आहे म्हणत त्यांचे चाहते विद्यापीठाच्या मागे उभे राहिले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ मधून दहा विद्यापीठं निघून गेली, आणि मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांना संघटनेच्या ताब्यासाठी कोर्टात जावं लागलं. ते जिंकले, पण गेलेले प्रतिस्पर्धी निकालाने परत आले नाहीत. युरोपात वेगळं घडलं. एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली आणि चाहते रस्त्यावर उतरल्यावर सहाही इंग्लिश क्लब दोन दिवसांत मागे फिरले. तिथे गोष्ट निषेधावर थांबली नाही. चाहत्यांचं म्हणणं ऐकून अहवाल तयार झाला, आणि त्यातून २०२५ मध्ये इंग्लंडात फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. जर्मनीत तर क्लबांमधली बहुमताची मतं सदस्यांकडेच राहतील असा नियम, काही अपवाद सोडले तर, १९९८ पासून आहे. या देशांत चाहता अधिक शहाणा आहे असं नाही. त्याला बोलायला जागा आहे, आणि जागा असली की रागाला दिशा मिळते.

आचोळ्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इथल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या. घर आणि खेळ यांची बरोबरी होऊ शकत नाही. एकात छप्पर जातं, दुसऱ्यात फार तर एक संध्याकाळ. पण रचना तीच आहे. नियम मोडणारे वेगळे, डोळेझाक करणारे वेगळे, आणि आदेश अमलात आल्यावर सामान घेऊन रस्त्यावर येणारे तिसरेच. आदेश बेकायदा होता असं कुणी म्हणू शकत नाही, आणि न्याय पुरा झाला असंही कुणी म्हणू शकत नाही. निकाल बरोबर की चूक, एवढाच प्रश्न विचारत राहिलो की हा तिसरा माणूस नजरेआड होतो.

मग करायचं काय? शेवटचा आक्षेप असा, की भावनेच्या भरात वाहणाऱ्या, आपापल्या संघात वाटल्या गेलेल्या प्रेक्षकांना कारभारात आणणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. खेळाडूंबाबतही पूर्वी असंच बोललं जायचं. आज महासंघाच्या नव्या घटनेत माजी खेळाडूंना मताधिकार आहे, आणि २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि स्त्रियांना जागा दिली, वाद मिटवायला लवादाची तरतूद केली. चौकट तयार आहे. त्यात प्रेक्षक तेवढा नाही. त्याला लगेच मत द्यायची गरज नाही. क्लब दुसऱ्या शहरात हलवण्याआधी किंवा बंद करण्याआधी नोंदणीकृत चाहता-मंडळाचं म्हणणं ऐकणं सक्तीचं करावं. हक्कांच्या करारातल्या ठळक अटी जाहीर असाव्यात आणि मुदत संपण्याच्या दोन वर्षं आधी नूतनीकरणाचं वेळापत्रक बांधलेलं असावं. हंगाम सुरू असताना उठलेल्या गुणांच्या वादाचा निकाल शेवटच्या सामन्याआधी लागावा. हे मिळवायचं तर चाहत्यांनाही बदलावं लागेल. वेस्ट कोस्ट ब्रिगेडसारखे चाहत्यांचे गट आज घोषणा आणि फलक यांत तरबेज आहेत. त्यांना घटना, सदस्य-नोंदणी आणि हिशेब असलेली संस्था व्हावं लागेल, आणि निदान या एका मागणीपुरतं प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांसोबत बसावं लागेल. इतकी वर्षं प्रत्येक जण आपल्या क्लबच्या बाजूने कोर्टाकडे बघत राहिला आणि जिंकूनही हरला. पुढचा करार लिहिला जाईल तेव्हा त्याच्या मसुद्यावर हरकत नोंदवण्याचा हक्क हातात असेल, तरच या काळातून काही शिकलो असं म्हणता येईल.