गाडी चालवताना हवामानाचा इशारा तुमच्यापर्यंत पोहोचतो कसा?

आजचा भाग पावसाळ्यात बाइक बाहेर काढणाऱ्यांसाठी.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला, जुना पूल कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. घरात बसलेल्याला टीव्ही तरी असतो. रस्त्यावरच्या माणसाला पुढचा धोका कळणार कसा? मी तीन वाटा सांगतो.

पहिली, सेल ब्रॉडकास्ट. 2023 मध्ये चाचणीच्या वेळी फोन अचानक कर्कश वाजले होते, आठवतंय? तेच हे. एसएमएस एकेका नंबरवर जातो. हा संदेश मात्र टॉवर रेडिओसारखा हवेत सोडतो, आणि त्याच्या टप्प्यातले फोन वाजतात. नंबर नागपूरचा असो की नांदेडचा, डेटा बंद असला तरी चालतं. शिवाय ठरलेल्या वेळेपर्यंत तो पुन्हापुन्हा सोडता येतो, म्हणजे त्या भागात उशिरा शिरलेल्यालाही मिळतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहे का, ते आत्ताच बघा.

दुसरी, हवामान खात्याचे रंग. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे थांबा आणि जीव सांभाळा. पण हे रंग जिल्ह्यानुसार असतात. ताम्हिणीतून माणगावला जायचं तर पुण्यासोबत रायगडचाही रंग बघायला हवा. आणि पुणे घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. शहरात यलो असताना घाटात रेड असू शकतो! याशिवाय पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाजही येतो. रस्त्यावर तोच जास्त कामाचा.

तिसरी, ‘दामिनी’. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे ॲप तुमच्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर सांगतं.

आता खरी मेख. घाटात रेंज गेली की तिन्ही वाटा बंद! म्हणून मी घाटाच्या पायथ्याला, रेंज असलेल्या शेवटच्या चहाच्या टपरीवर थांबतो आणि पुढच्या जिल्ह्याचा अंदाज बघतो. रेड दिसला तर दुसरा चहा सांगायचा, गाडी वर घालायची नाही. फोन मागे बसलेल्याकडे द्या. एकटे असाल आणि फोन वाजला, तर सुरक्षित जागा बघून थांबा, मगच वाचा. झाडाखाली मात्र थांबू नका.

या वीकेंडला कुठे निघालाय? वाटेतले जिल्हे आधी मोजा. भेटू पुढच्या भागात!