गच्चीवरची बोलकी तार

आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर कधी एफएम रेडिओ लावून बघितलाय? बटण दाबलं, की बरेचसे फोन हट्ट धरून बसतात. आधी हेडफोन लावा! बरं, गाणं स्पीकरवर ऐकायचं असलं तरी वायर हवीच. असं का बरं? ओळखा पाहू!

हेडफोनची वायर गाणं कानापर्यंत आणते, हे तर खरंच. पण त्याच वेळी ती गुपचूप दुसरंही एक काम करत असते. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडायचं! म्हणजे दोस्तांनो, तुम्ही गळ्यात अडकवून फिरता तो चक्क अँटेना असतो!

हो, अँटेना म्हणजे मुळात एवढंच. एक तार. कधी ती नळीसारखी जाड असते, कधी फोनच्या पोटात लपलेली चिमुकली पट्टी असते. पण काम एकच : विजेचं रूपांतर लहरींत आणि लहरींचं रूपांतर विजेत.

या तारेवर जिवापाड प्रेम करणारी माणसं जगभर आहेत. लाखो! त्यांना म्हणतात हॅम. ते सरकारची परीक्षा देतात, परवाना मिळवतात आणि घरातच स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र थाटतात. मग काय! सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, तरी पुण्यातला हॅम जपानमधल्या हॅमशी गप्पा मारतो. हौस म्हणून! एक पैसाही न कमावता!

कुठल्याही मुरलेल्या हॅमला विचारा, तुमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली? तो रेडिओच्या चकचकीत डब्याकडे बोट दाखवणारच नाही. तो तुम्हाला गच्चीवर नेईल. डबा कितीही भारी असो, अँटेना धड नसेल तर सगळं मुसळ केरात!

आणि ऐका, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो. तारच ती!

पण मग कुठलीही तार चालेल का? चालेल, पण धावणार नाही!

झोका आठवा. वडाच्या उंच फांदीला बांधलेला लांब दोराचा झोका कसा संथ जातो-येतो. आखूड दोरीचा मात्र भराभर! ढकलणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. झोका परत आला रे आला, की हलकासा धक्का. बस्स! तेवढ्यानं तो उंच उंच जातो. भलत्याच वेळी ढकललं तर? हात दुखतो आणि झोका अडखळतो.

रेडिओ तारेला असेच धक्के देत असतो. विजेचे! सेकंदाला किती, माहितेय? हॅमच्या आवडत्या ७.१ मेगाहर्ट्झवर बोलायचं, तर सेकंदाला ७१ लाख! वीज तारेच्या मध्यापासून टोकाकडे धावते. पुढे रस्ता संपलेला. मग ती तिथूनच उलटी फिरते. ती मध्यावर पोचली आणि त्याच क्षणी योग्य दिशेचा पुढचा धक्का मिळाला, की तार झक्क झुलू लागते आणि लहरी लांब लांब उधळते.

म्हणून संथ धक्क्यांच्या लहरींना लांब तार, भराभर धक्क्यांच्या लहरींना आखूड तार. अगदी झोक्यासारखंच!

किती लांब, ते काढायचं गणित तुम्हाला आत्ताही जमेल. रेडिओलहर सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाते. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं, की एका लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले ७.१, म्हणजे सुमारे ४२ मीटर. बापरे! एवढी लांब तार?

घाबरू नका. अर्धी लहर पुरते. त्यातही खरी तार अर्ध्या लहरीपेक्षा थोडी आखूडच लागते. म्हणून हॅम मंडळी सरळ १४३ ला मेगाहर्ट्झनं भागतात. ७.१ साठी साधारण २० मीटर. १४.२ साठी १० मीटर. आणि १४५ मेगाहर्ट्झसाठी? एक मीटरही नाही! दप्तरातल्या पट्टीनं तीन वेळा मोजा, वर आठ-नऊ सेंटिमीटर घाला, झालं.

फक्त एक करा. तार आधी थोडी लांबच कापा आणि मग टोकं छाटत छाटत मापात आणा. आखूड कापलेली तार ओढून वाढत नाही, हे प्रत्येक हॅम कधी ना कधी शिकतोच!

आता ही तार बरोब्बर मध्ये तोडायची. दोन तुकडे टोकाला टोक आणून एका सरळ रेषेत ताणायचे आणि त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या पाइपचा नाहीतर चिनीमातीचा तुकडा ठेवायचा. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटता कामा नयेत. झाला तयार डायपोल! नाव भारदस्त, पण दिसतो अगदी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. शेजारच्या काकू त्यावर टॉवेल टाकायला आल्या, तर नवल नको!

आता एक कोडं. डायपोल सगळ्यात जोरात कुठल्या दिशेला बोलतो? टोकांच्या दिशेला, असंच वाटतं ना?

चूक! टोकांच्या दिशेला तो जवळजवळ गप्प असतो. त्याचा सगळा जोर दोन्ही कुशींना. तार पूर्व-पश्चिम ताणली, तर आवाज उत्तरेला आणि दक्षिणेला छान जातो. अर्थात त्यासाठी ती चांगली उंच हवी. ठेंगणी राहिली तर बऱ्याचशा लहरी सरळ वर जातात. मग वाया गेल्या का? छे! ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा उंच वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून परत खाली वळतात आणि आसपासच्या शेकडो किलोमीटरांवर पसरतात. पुण्याहून कोल्हापूरला बोलायचं असेल, तर बुटका अँटेनाच कामाचा!

उंचीवरून आठवलं. मार्कोनीनं अँटेना कशाला टांगला होता, सांगा बरं? पतंगाला! १२ डिसेंबर १९०१ ला तो कॅनडाच्या पूर्व टोकाजवळ, न्यूफाउंडलंड बेटावरच्या सिग्नल हिल टेकडीवर होता. सोसाट्याचा वारा. आधी फुगा उडून गेला, एक पतंगही गेला. शेवटी एक पतंग टिकला आणि सुमारे १५० मीटर तार आकाशात चढली. त्या तारेतून मार्कोनीनं मोर्स लिपीतले तीन टिंब ऐकले, म्हणजे 'एस' हे अक्षर. ते पाठवलं होतं इंग्लंडमधून, अटलांटिक महासागर ओलांडून! त्यानं खरंच ऐकलं की नुसता खरखराट होता, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल, तर वादाचं काहीही होवो, पतंग झकासच!

पण तुम्ही हा प्रयोग चुकूनही करू नका हं. पतंगाला तार बांधायची नाही, कधीच नाही. विजेच्या तारेला लागली, तर जिवावर बेतेल.

बरं, अँटेना गच्चीवर आणि रेडिओ खाली खोलीत. मग दोघांची गाठ कोण घालून देतं? एक बिचारी काळी केबल. तिला म्हणतात फीडलाइन. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. माझ्या मते मात्र खरी गंमत हिच्यातच आहे!

केबल टीव्हीच्या वायरचा टाकून दिलेला तुकडा मिळाला, तर मोठ्यांकडून सोलून घ्या. वर काळं कातडं. आत बारीक तारांची जाळी. तिच्या आत पांढरं प्लॅस्टिक आणि अगदी मधोमध एक तार. ही झाली कोॲक्स केबल. हॅमची केबल हिचीच सख्खी बहीण.

आता सांगा, रेडिओलहर यातल्या कशातून धावते? मधल्या तांब्यातून? नाही! लहर धावते त्या पांढऱ्या प्लॅस्टिकमधून, मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून! तांबं आणि जाळी तिला फक्त वाट दाखवतात. प्लॅस्टिकमुळे तिचा वेगही कमी होतो. भरीव प्लॅस्टिकच्या साध्या केबलमध्ये सेकंदाला ३ लाखांऐवजी २ लाख किलोमीटर! तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत गच्चीवर हजर.

पण वाटेत ही केबल लहरीतला थोडा वाटा खाऊन टाकते. बारीक केबल जास्त खाते, लांब केबल त्याहून जास्त. आणि लहरीचे धक्के जितके भराभर, तितकी केबलची भूक मोठी! समजा, आरजी ५८ नावाची बारीक केबल ३० मीटर टाकली आणि खालून ४ वॉट पाठवले. ७ मेगाहर्ट्झवर त्यातले जवळपास ३ गच्चीवर पोचतील. १४५ मेगाहर्ट्झवर? जेमतेम एक-सव्वा! बाकीचे कुठे गेले? उष्णता होऊन केबलमध्येच जिरले.

म्हणूनच जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण बघायला गेलात, तर एक गोष्ट नक्की विचारा. तिथे प्रत्येकी ४५ मीटर रुंदीचे ३० प्रचंड अँटेना आहेत. काही तर मुख्य केंद्रापासून कित्येक किलोमीटर दूर. तेवढ्या अंतरावरून आकाशगंगांची कुजबुज आणायची कशी? तांब्याच्या केबलनं ती वाटेतच गिळली असती! मग तो संदेश प्रकाशाच्या रूपात काचेच्या बारीक तंतूंमधून आणतात.

फीडलाइनची आणखी एक खोड आहे. उडी मारायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरा आणि जोरात झटका द्या. दोरीतून एक उंचवटा पळत जाईल, गजाला आपटेल आणि परत तुमच्याकडे येईल! केबलमध्येही असंच होतं. अँटेना आणि केबलचं जुळलं नाही, तर लहरीचा काही भाग अँटेनाला शिवून उलटा रेडिओकडे येतो.

जुळायचं, तर दोघांचा ओहममधला आकडा सारखा हवा. हॅमची नेहमीची केबल ५० ओहमची असते, टीव्हीची ७५. उंच, मोकळ्यावर ताणलेला डायपोल साधारण ७३ ओहमचा. मग करायचं काय? एक सोपी युक्ती आहे. मधला भाग खांबावर उंच ठेवा आणि दोन्ही हात तिरके खाली उतरवा, उलट्या इंग्रजी 'व्ही' सारखे. ओहम उतरतात आणि आकडा पन्नाशीजवळ येतो! शिवाय दोनऐवजी एकाच खांबात भागतं. जुळलं की नाही, ते सांगायला एसडब्ल्यूआर मीटर असतो. काटा एकावर असला, तर काहीच परत येत नाही. दीडच्या खाली असला, तरी हॅम खूश.

आपल्याकडे केबलचा मोठा शत्रू म्हणजे पाऊस! कातड्याला बारीकशी चीर पडली, की पाणी आत शिरतं, जाळी काळी पडते आणि केबल कामातून जाते. म्हणून खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली एक झोळ देतात. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपटप गळून जातं, घरात येतच नाही. खर्च शून्य!

विजा चमकायला लागल्या, की रेडिओची केबल काढून ठेवायची. खरं तर ढग जमायला लागले की लगेच. विजेच्या खांबांजवळ अँटेना बांधायचाच नाही. आणि रेडिओवर कुणी बोलत असताना तारेला हात लावायचा नाही, टोकांना तर मुळीच नाही. विजेचा दाब तिथेच सगळ्यात जास्त असतो. अँटेना चढवताना मोठं माणूस सोबत हवंच.

आजी-आजोबांना विचारा, दूरदर्शनच्या काळात गच्चीवर माशाच्या काट्यासारखा अँटेना असायचा की नाही? एक जण वर तो फिरवायचा आणि खालून आरोळी यायची, "आलं, आलं! गेलं!" तो यागी-उडा अँटेना. यागी आणि उडा या जपानी शास्त्रज्ञांनी तो १९२६ साली जगापुढे मांडला. डायपोलच्या मागेपुढे आणखी काड्या लावल्या, की सगळा जोर एकाच दिशेला जातो. गंमत म्हणजे त्या जास्तीच्या काड्यांना फीडलाइन जोडलेलीच नसते!

असा अँटेना फिरवत ठेवला, तर अंतराळ स्थानकाचाही पाठलाग करता येतो. ४ जुलै २०२५ ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावरून भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले, ते हॅम रेडिओवरूनच. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंच आणि एका फेरीत आपल्या माथ्यावर जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात काय विचारायचं ते विचारून घ्या!

आणि संकटात? डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम साथी रेडिओ घेऊन अंदमानातच होते, पोर्ट ब्लेअरला. फोन बंद पडले होते. बेटावरच्या माणसांची खुशाली त्यांच्या अँटेनांवरून घरोघरी पोचली.

आपल्या देशात वयाची १२ वर्षं पूर्ण झाली, की हॅमची परीक्षा देता येते. पहिल्या पायरीच्या परीक्षेत मोर्स लिपीही नसते, आणि पास झालात की व्हीयू ३ नं सुरू होणारं तुमचं स्वतःचं रेडिओ-नाव मिळतं. तोवर गच्ची मोजून ठेवा. २० मीटर भरली तर उत्तम. नाही भरली तर १४३ ला दुसऱ्या कुठल्या आकड्यानं भागायचं, ते तुमचं तुम्ही शोधा!